परिशिष्ट ग

सोमवार, ३ मार्च

आज एका साम्राज्याचा अस्त झाला. वाचनालयातली खिडकीजवळची, डाव्या हाताला किंचित झुकणारी खुर्ची – जिच्यावर अकरा वर्षं माझी निर्विवाद सत्ता होती – तिच्यावर सकाळी दहा वाजता एक अनोळखी पर्स ठेवलेली आढळली. पर्स! माणूस असता तर भांडता तरी आलं असतं.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आज वाचनालय बंद आहे. वॉर्डाची बैठक आहे." मी म्हटलं, मी वाचत नाही, बसते. त्या म्हणाल्या, बसायचं तर सभासद म्हणून बसा. पर्स उचलून मी बसले. अर्ध्या तासाने कळलं, आपण ‘भूकविषयक नागरिक समिती’त आहोत. सही कधी केली ते आठवत नाही. खुर्चीसाठी लोक याहून वाईट गोष्टी करतात.

विषय असा: वॉर्डात नगरपालिकेचं जेवणघर आहे, दुपारी आणि संध्याकाळी फुकट जेवण मिळतं. संध्याकाळचं बंद करायचा प्रस्ताव आहे, कारण ‘मागणी घटली’. वीस तारखेला सुनावणी. तोपर्यंत लोकांचं म्हणणं लेखी द्यायचं.

घरी नवरा म्हणाला, "तू आणि समिती? समितीचं काय चुकलं?"

बुधवार, ५ मार्च

लेखी म्हणणं मीच लिहायचं ठरलं. ‘तुम्ही पेपरात लिहिता ना!’ हे वाक्य आयुष्यात दोनच वेळा ऐकू येतं – फुकट काम करून घेताना, आणि लिहिलेलं आवडलं नाही हे सांगताना.

चार पानं लिहिली. कोपरखळ्या मस्त जमल्या. आयुक्तांच्या भरल्या पोटावर एक परिच्छेद तर इतका छान की मीच दोनदा वाचला. ग्रंथपालबाईंनी वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "यात आकडा कुठे आहे?"

म्हटलं, उपहासात आकडा नसतो.

"मग सुनावणीत उपहास नको."

रविवार, ९ मार्च

आकडे गोळा करायला बाहेर पडलो. ग्रंथपालबाईंनी फॉर्म छापून आणलेत. पहिलाच प्रश्न: ‘गेल्या महिन्यात आपल्या घरी कुणी उपाशी झोपलं का?’

तीन दिवस, बासष्ट घरं, असं ठरलंय. आज एकवीस झाली. एकवीस ‘नाही’. एका बाईने तर ‘नाही’ इतक्या जोरात म्हटलं की शेजारचा दरवाजा उघडला. लोक पायपुसणं झटकून उभे राहतात, केस सारखे करतात, आणि सांगतात – छे हो, आमच्याकडे काही कमी नाही, पलीकडच्या जिन्यात विचारा. पलीकडचा जिना म्हणतो अलीकडे विचारा.

मंगळवार, ११ मार्च

बासष्ट घरं. बासष्ट ‘नाही’.

म्हणजे आमच्या वॉर्डात भुकेचं नावनिशाण नाही, हे आम्हीच घरोघर फिरून, शिक्के मारून सिद्ध केलं. नगरपालिकेला इतकं सुबक काम जमलं नसतं. ग्रंथपालबाईंचा चेहरा पाहवेना. हे फॉर्म लपवायचे तर खोटेपणा, द्यायचे तर जेवणघर गेलंच.

गठ्ठा घेऊन आम्ही जेवणघरात गेलो. तिथल्या स्वयंपाकीणबाई – सगळे त्यांना मावशी म्हणतात, वयाने त्या माझ्याहून लहान असाव्यात, पण ते मी कशाला उकरून काढू – कढई घासत होत्या. फॉर्म वाचून त्यांनी कढई खाली ठेवली.

"हा प्रश्न कुणी काढला?"

ग्रंथपालबाईंनी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"दारात उभं राहून, शेजारीण ऐकत असताना, उपाशी झोपता का असं विचारलंत? मला विचारलं असतंत तर मीही नाही म्हटलं असतं. आणि मी तर अन्नातच उभी असते."

मग काय विचारायचं, मी म्हटलं.

मावशींनी हात पुसले. "विचारा – काल रात्री जेवताना तुमच्या घरात कोण म्हणालं, मला भूक नाही?"

ग्रंथपालबाईंनी तिथेच, ओल्या ओट्यावर फॉर्म ठेवून जुना प्रश्न खोडला.

गुरुवार, १३ मार्च

काल आणि आज परत तीच बासष्ट घरं. यावेळी दारात नाही, आत बसून. काय फरक पडला! लोक हसून सांगू लागले. "आमची आई. तिला कधीच भूक नसते." "मोठा मुलगा, तो म्हणतो मित्राकडे खाल्लं." एक छोटी पोरगी म्हणाली, "आजोबा. पण नंतर आमची ताटं तेच चाटून पुसून ठेवतात." तिच्या आईने तिला आत पाठवलं. माझं पेन चालेना.

दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई आहे. मशीनवरून न उठता म्हणाली, "मी. काल मी म्हणाले. परवाही मीच."

विचारलं, तुम्ही संध्याकाळी जेवणघरात का नाही जात? जवळ तर आहे.

"जायचे की. ह्यांचे पाय गेलेत, जिना उतरत नाहीत." आतल्या खाटेवर तिचा नवरा. "मी तिथे जेवायचे, ह्यांच्यापुरतं डब्यात आणायचे. मग डबा न्यायला बंदी आली. तिथेच बसून खा म्हणतात. आता मी पोटभर जेवून यायचं आणि ह्यांच्यासमोर बसायचं? त्यापेक्षा जातच नाही. घरात जे असतं ते ह्यांना पुरतं."

बंदी कशी आली, ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"कुणीतरी पेपरात लिहिलं होतं. एक बाई कशी खाऊन वर डबा भरून नेते ते. पाच-सहा वर्षं झाली." तिने दोरा दातांनी तोडला. "छान लिहिलं होतं हो. आम्ही दोघंही हसलो होतो. नंतर कळलं, ती बाई म्हणजे मी."

मी फॉर्मवर तारीख घातली. घातलेली होती. परत घातली.

‘पोट एक, डबे दोन’. शीर्षक माझं. लेख माझा. त्या आठवड्यात सत्तावीस पत्रं आली होती, सगळी कौतुकाची.

शुक्रवार, १४ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो वांगी चिरत होता, थांबला. "तू त्या बाईशी बोलली होतीस का तेव्हा?"

नाही. कोपऱ्यातल्या टेबलावरून पाहिलं होतं. वीस मिनिटं. लेखाला तेवढी पुरतात.

तो परत वांगी चिरायला लागला. हा माणूस टोमणा मारायची संधी सोडतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

सोमवार, १७ मार्च

ग्रंथपालबाईंनी प्रस्तावाची फाईल मिळवली. मागे परिशिष्टं. क – खर्च. ख – संध्याकाळची उपस्थिती, पाच वर्षांत निम्म्यावर. ग – ‘योजनेच्या गैरवापराबाबत जनमत’. परिशिष्ट ग म्हणजे एका लेखाची झेरॉक्स. वरचा भाग कापलेला, त्यामुळे नाव नाही.

बाईंनी तो मोठ्याने वाचला. चांगला वाचतात. मीच लिहिलेले विनोद मला बाईंच्या आवाजात ऐकावे लागले, आणि एका ठिकाणी समितीतले दोघे हसलेसुद्धा. मग बाई म्हणाल्या, "उपस्थिती कशी घटली ते आता कळलं. आधी डबे बंद केले. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय ते यायचे बंद झाले. आता म्हणतात मागणी नाही. आणि सुरुवात कुठून, तर या शहाण्यापासून. कोण असेल हा?"

खुर्ची डावीकडे झुकते हे बरं. तोंड खिडकीकडे राहतं.

बुधवार, १९ मार्च

माझी चार पानं फाडली. आयुक्तांच्या पोटाचा परिच्छेद फाडताना मात्र जीव थोडा खालीवर झाला.

उद्या बोललं नाही तर परिशिष्ट ग तसंच राहील. बोललं तर ग्रंथपालबाई माझ्याकडे कशा बघतील ते मला माहीत आहे. उशिरा पुस्तक परत करणाऱ्यांकडे बघतात ना, त्याच्या दसपट.

गुरुवार, २० मार्च

सुनावणी. लांब टेबल, तीन साहेब, एक घंटा. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटा.

ग्रंथपालबाईंनी आकडे दिले: बासष्ट घरं, पैकी एकेचाळीस घरांत आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री कुणीतरी भूक नाही म्हणालं. त्यात सव्वीस वेळा घरातली बाई. मधले साहेब म्हणाले, "भूक नाही म्हणजे भूक नाही. शब्दाचा उलटा अर्थ कसा लावणार?"

मावशी उठल्या. त्यांचा नंबर नव्हता. "साहेब, मी रोज तीनशे माणसांना वाढते. ज्याला खरंच भूक नसते तो पातेल्याकडे बघून बोलत नाही."

घंटा वाजली. साहेबांनी पानं उलटली. "पण गैरवापराचं काय? परिशिष्ट गमध्ये स्पष्ट—"

मी उभी राहिले. पायांनी माझा सल्ला घेतला नाही.

"परिशिष्ट ग मी लिहिलंय."

साहेब माझ्याकडे, मग झेरॉक्सकडे, मग परत माझ्याकडे. "तुम्ही लेखिका म्हणून बोलताय की वॉर्डातल्या नागरिक म्हणून? तसं नोंदवावं लागेल."

"दोन्ही नोंदवा. एकीने लिहिलं, दुसरी मागे घेतेय." मी झेरॉक्सकडे बोट केलं. "ती बाई डबा हावरेपणाने भरते असं मी लिहिलं. तो डबा घरात पडून असलेल्या नवऱ्यासाठी होता. मी तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर लेख झाला नसता. हे परिशिष्ट फाईलमधून काढा, आणि त्याच्यामुळे जी डब्यांना बंदी आली तीही. मग उपस्थिती मोजा."

विनोद एकही सुचला नाही. घंटा वाजायच्या आत संपलं, तरी साहेबांनी सवयीने वाजवली.

बाहेर पायऱ्यांवर ग्रंथपालबाईंनी फाईल पिशवीत कोंबली. मग म्हणाल्या, "शहाणा म्हटलं होतं मी. शहाणी म्हणायला हवं होतं." आणि पुढे चालू लागल्या. पण रिक्षात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

सोमवार, २४ मार्च

निकाल आला. संध्याकाळचं जेवण सहा महिने चालू, मग पुन्हा मोजणी. परिशिष्ट ग वगळलं. डब्यांचा मुद्दा ‘स्वतंत्रपणे विचाराधीन’.

म्हणजे सहा महिन्यांनी डोकी मोजणार, आणि जिना न उतरू शकणारी डोकी तेव्हाही मोजली जाणार नाहीत. ग्रंथपालबाईंनी नवीन फॉर्म छापायला टाकलेत. यावेळी मावशी आधी तपासणार.

मावशींना विचारलं, डब्याचं तोवर काय? त्यांनी भिंतीवरच्या ‘डबा नेण्यास मनाई’ या पाटीकडे बोट केलं. "पाटीवर डबा लिहिलंय. ताट लिहिलेलं नाही. पण भर रस्त्यातून ताट कोण नेणार? लोक बघतात."

मंगळवार, २५ मार्च

संध्याकाळी सातला, झाकलेलं ताट दोन्ही हातांत धरून, भर रस्त्यातून गेले. लोकांनी बघितलं. दुसरी गल्ली, दुसरा मजला.

शिवणकामवालीला म्हटलं, तो लेख माझा होता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "वर फोटो होता. केस काळे होते तुमचे."

मग त्याच दिवशी का नाही बोललात?

"तुम्ही विचारायला आला होता. आधी कुणी विचारलंच नव्हतं." आणि चपला पायात सरकवून ती जेवणघराकडे निघाली – स्वतःचं जेवायला.

ती येईपर्यंत मी तिच्या नवऱ्याजवळ बसले. ताट धुतलं, परत नेऊन दिलं. उद्या सातला.