उजव्या हाताचा ट्रक

८ एप्रिल
कात्री पुन्हा पडली! उजव्या मनगटाचं हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण नस दुखावलीय – अंगठ्यात जोरच नाही. दुकानातली पोरगी उचलायला धावली, तर मी तिच्यावरच खेकसले. बिचारी! शिवते झकास, पण कापडाला कात्री लावायची म्हटलं की मागे सरते. कापते मी. इतकी वर्षं मीच. आता सुट्टी संपली की शाळा उघडणार, गणवेशाचे तागे येऊन पडलेत.

फिजिओबाई म्हणाल्या, बारीकसारीक काम करत राहा. उजव्या हातानं काम, डाव्यानं फक्त धरायचं. ही डायरी मात्र डाव्यानंच खरडतेय – कोंबडीचे पाय नुसते!

९ एप्रिल
नवरोबांनी कपाटावरून एक खोकं काढलं. दुसऱ्या महायुद्धातला लष्करी ट्रक – प्लॅस्टिकचा, सुट्या तुकड्यांचा, जोडला की वीतभर होणारा. हौसेनं आणला नि कधी उघडला नाही. त्यावरून मी त्यांना किती छळलंय! आज म्हणतात, घे, तुझ्या हाताला काम. तुकडे सगळे एका चौकटीला चिकटलेले. कापून काढायचे, घासायचे, चिकटवायचे. काही तर तिळाएवढे.

ठीक आहे. ट्रक उभा करायचा आणि मग कात्री धरायची. ठरलं.

१३ एप्रिल
दारं बसेनात! किती दाबली, तरी बाहेरच. भिरकावणारच होते. नवरोबांनी चष्मा लावून पाहिलं नि हसत सुटले. प्रत्येक तुकडा मी कडेनं थोडी जागा सोडून कापलाय – शिलाईसाठी! प्लॅस्टिकला कसली आलीय शिलाई? मीही हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग दिवसभर कडा घासत बसले.

१९ एप्रिल
एक चाक. अख्खा दिवस. पण बसलं!

२७ एप्रिल
जाऊबाई येऊन गेल्या. टेबलावरचा पसारा पाहून म्हणे, या वयात खेळणी? दुकान त्या पोरीच्या हवाली कर नि आराम कर. नवरोबा पेपरात डोकं खुपसून बसले. त्या गेल्यावर त्यांना जाब विचारला, तर हळूच म्हणाले, "आजवर पुष्कळ केलंस गं."

डोकंच फिरलं. म्हटलं, "मनगट मोडलंय, मी नाही मोडले."

वाईट वाटतंय. त्यांना माझी काळजी आहे, कळतं मला. पण माघार नाही.

९ मे
हात ऐकायला लागलाय! इंजिन बसलं, स्टिअरिंग बसलं, बाजूचा आरसा तर चिमट्यानं एका झटक्यात. आता विचारसुद्धा करावा लागत नाही – तुकडा दिसला की हात आपोआप जातो. मी गुणगुणत होते म्हणे. नवरोबांनी चोरून मोबाइलवर व्हिडिओ काढला, फिजिओबाईंना दाखवायला. दाखवाच!

२० मे
ट्रक उभा राहिला. हिरवा रंगवला, वर ताडपत्रीचं छतही बसवलं. देखणा दिसतोय!

लगेच दुकानात गेले. पोरीसमोर कात्री उचलली – आणि पडली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. पोरगी खाली बघत राहिली. मला काही कळेना. तिळाएवढे तुकडे बसवणारा हात कात्रीपाशी येऊन का मरतो? घरी येऊन ट्रककडे पाठ करून बसले.

२१ मे
फिजिओबाईंनी व्हिडिओ पाहिला. परत लावून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, उजवा हात नुसता ट्रक धरून बसलाय. काम सगळं डाव्यानं केलंय."

पाहिलं. खरंच की! उजव्यात आता फार फरक पडणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

बाहेर बाकावर बसून पोटभर रडले. नवरोबा शेजारी पाणी घेऊन उभे. मग तोंड धुतलं नि तिथूनच कात्रीवाल्याला फोन लावला. मोठी, कापडाची, डाव्या हाताची. उद्या दुकानात आणून देतो म्हणाला.

पोरीला कळवलंय – सकाळी पहिला तागा उलगडून ठेव.