पत्र्याखालचं यीस्ट

रविवार, संध्याकाळ. परभणी.

चुलतभाऊ सुन्याचा पुण्याहून फोन. माझी ज्वारीची फार्महाऊस बियर ह्यानं आपल्या हॉटेलात स्वतःच्या नावावर खपवली, आन् आता मलाच विचारायलाय, "दादा, कोरड्या यीस्टची कोणती पुडी घेऊ?"

सांगू का नको? सांगितलं. अगदी खरं नाव सांगितलं.

मागं हाच म्हणला होता, "तुमच्या परभणीच्या उकाड्यात माणूस राहतो का?" जसा काही इथं जन्मलाच न्हाई! आता बियरसाठी एसीची खोली केलीय म्हणं. लय गार.

माझं पिंप पत्र्याखाली काय उगाच ठेवतो? ते यीस्ट उकाड्यातच बियर आंबवतं. गारव्यात झोपतं, बियर गुळचट राहते.

हे त्यानं विचारलं न्हाई. मी वरून म्हणलं, "सुन्या, एसी बंद करू नको बरं का."