कुशाबाला दरीतून वर काढा

अहो,

मी बनुबाईला घेऊन दुपारच्या एस.टी.नं महाडला तार करायला जाते आहे. भाकरी शिंक्यात आहे, आमटी गरम करून घ्या.

मुलांसाठी लिहिलेल्या नव्या कादंबरीचा शेवट तुम्ही काल शाळेत वाचून दाखवलात. कुशाबा आंबेनळीच्या दरीत पडून मरतो, हे संध्याकाळपर्यंत बनुबाईच्या वाडीत पोचलं. तिचा मुलगा कुशाबा मुंबईला गिरणीत आहे आणि बरेच दिवस त्याचं पत्र नाही. तिनं सकाळी देवीला कौल लावला, तो डावा पडला. तेव्हापासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. गोष्टीतला कुशाबा वेगळा, हे मी परोपरीनं सांगितलं. ती एवढंच म्हणते, "मास्तरांनी लिवलंय ना, मग त्यांनीच माज्या पोराला वर काडावं. तवर मी जेवायची नाय."

तिच्या मुलाला तार करतेच. शेवटचं प्रकरण थांबवा म्हणून छापखान्यालाही करते. दिवाळीत पुस्तक यायचं आहे, मला माहीत आहे. रागवायचं तर रागवा.

दरीत कोण पडलं तेही मला माहीत आहे. आपल्या सदूचं नाव लिहायला तुमचा हात धजला नाही, म्हणून तिच्या मुलाचं घातलंत. सदूसाठी तुम्ही दोर घेऊन उतरलात तेव्हा मी वर उभी होते. तेव्हा उशीर झाला होता, आज झालेला नाही.

दौत भरून ठेवली आहे. मी परत येईन तोवर कुशाबाला वर काढा.