माहूरला गेलेली आई आणि माझा निकाल

नांदेड, बुधवार

तीर्थस्वरूप हणमंतमामा यांच्या चरणी भाचा बजरंगचा साष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ते विधान असत्य आहे. (फोनच केला असता, पण आपला फोन मामी उचलतात, आणि मामींना कळलेली गोष्ट लातुरात कुणाला कळायची राहत नाही. म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या माझ्या खोलीवरच्या दयानंदच्या हाती देतोय.)

मामा, मी तर्कशास्त्रात नापास झालो आहे, आणि त्यात माझी काडीची चूक नाही. वैष्णवी मॅडमनी विद्यापीठात वर्षभर आम्हाला 'जर-तर' शिकवलं. आपल्याकडे 'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं' असं म्हणून माणसाला गप्प बसवतात. मॅडमनी तेच फळ्यावर लिहिलं, खाली चार ओळींचं कोष्टक मांडलं आणि सांगितलं, की 'जर'चा भाग खोटा असला की अख्खं विधान खरं. म्हणजे 'तर'च्या पुढे तोंडाला येईल ते जोडा! (मी हात वर करून हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, खाली बस.)

पेपरात आलं: जर गाडी येणार असेल तर फाटक पडतं, फाटक पडलं आहे, म्हणून गाडी येणार आहे. युक्तिवाद बरोबर की चूक? मी ठासून लिहिलं, बरोबर. शून्य! मॅडमचं म्हणणं, फाटक दुसऱ्या कारणानंही पडू शकतं, 'तर' घडलं म्हणून 'जर' घडलंच असं नाही. एवढ्या वर्षांत मी पडलेल्या फाटकापाशी उभा राहिलो आणि गाडी आली नाही, असं एकदाही झालेलं नाही. गेटमन काय हौस म्हणून फाटक पाडतो?

आता खरा अन्याय ऐका. आई मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर बोलली होती, की बजरंग पास झाला तर माहूरला जाऊन रेणुकामातेची ओटी भरीन. निकाल लागल्यावर मी तो फोनवर फक्त आईला सांगितला. दुसऱ्याच सकाळी शेजारच्या केवळाबाईंच्या जीपमध्ये एक जागा रिकामी निघाली आणि आई खणानारळासकट माहूरला गेली. झालं! धोंडाबाई माहूरला गेली, म्हणजे पोरगं पास. अख्ख्या गावानं माझा फाटकाचाच युक्तिवाद केला, आणि कुणाचा अर्धा मार्कही कापला गेला नाही! (आपणही त्यातलेच. बातमी कळताच लोह्यात बॅनर छापायला आपणच सांगितलंत.) मी गावी पोचलो तर ते वेशीवर लागलेलं. खुलासा करायला तोंड उघडलं की कुणीतरी आत पेढा कोंबायचं. अण्णांनी तर फेटा बांधून घेतला आणि म्हणाले, "लई बरं वाटायलंय बघ." त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. येत्या रविवारी पारावर माझा सत्कार आहे.

अण्णांचाही एक जर-तर आहे: "नापास झाला तर सरळ घरी यायचं. म्हशी हाईत." यातून सुटायची वाट खुद्द मॅडमनाही सापडायची नाही, कारण 'जर' घडून गेलाय. म्हशींवर माझा राग नाही, मामा. पण मला शिकायचंय, आणि हे मेलं शास्त्र कितीही संताप आणत असलं तरी सोडवत नाही.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद (नापासाचे चालत असतील तर).

आपला,
बजरंग

ता. क. बॅनरवर शुभेच्छुक म्हणून आपला फोटो माझ्या फोटोच्या दुप्पट आहे, तेव्हा अब्रू एकट्या माझी जाणार नाही. शनिवारीच या, बॅनर उतरवा आणि अण्णांना तुम्हीच सांगा. मेहुण्यावर ते आवाज चढवत नाहीत. फेरपरीक्षेचा फॉर्म सोमवारपर्यंत भरायचा आहे. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी एक ता. क. नापास झालो हे माहीत असताना गेलीस कशाला, असं मी आईला चिडून विचारलं होतं. ती म्हणाली, "पास झाला असतास तर नवस फेडाया गेले असते. न्हाई झालास, म्हनून तुझं शिक्षन सुटू नये असं मागाया गेले. जायाचं तर हुतंच की." जी बाई दोन्हीकडून जाणारच होती, तिच्या जाण्यावरून निकाल कळणार कसा? एवढंच पेपरात सुचलं असतं तर मी पास झालो असतो. (मॅडमच्या कोष्टकाप्रमाणे हे विधान खरं आहे.)