नाल्यापलीकडची मोजणी

मालवण,
६ जानेवारी २०२५

ती. बाबा व आई यांना,
मंजूचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर माझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटतो असं तुम्ही म्हणता, म्हणून पुन्हा कागद हाती घेतला. कानाचं यंत्र कपाटात ठेवलं तर कुणाचाही आवाज तसाच येतो, एवढं मात्र सांगून ठेवते.

बातमी अशी की, डॉल्फिनसाठी इथे जो शास्त्रीय सल्लागार गट नेमला आहे त्यात मला घेतलं. आम्ही सात जण आहोत. योगिनीताई अध्यक्ष, एक जनावरांचे डॉक्टर, एक आकडेमोडीतले जाणकार, एक मच्छीमारांचा प्रतिनिधी, असे. अधिकार काय, हे तुम्ही विचारणारच. अधिकार काहीच नाही. बंदी घालणं सरकारच्या हाती. आम्ही कागद तपासायचे, आपापसात भांडायचं आणि जे खरं दिसेल ते लिहून द्यायचं. पण एकदा लिहून दिलं की ते बाजूला सारायला सरकारलाही कारण द्यावं लागतं.

पहिलाच प्रश्न अवघड आला आहे. खाडीच्या तोंडाशी जाळी लावतात आणि त्यात डॉल्फिन अडकतात. तो मासा नव्हे, श्वासाला वर यावं लागतं, त्यामुळे अडकला की बुडून मरतो. तीन महिने ती जागा बंद ठेवावी का, हे डॉल्फिन किती आहेत त्यावर ठरणार, आणि मोजणी माझी आहे. आकडा आला चौऱ्याऐंशी. ऐंशीच्या वर असले तर वर्षाला एखादा गेला तरी कळप तगतो. पन्नासच्या आत असले तर एकही जाणं परवडत नाही. म्हणजे बंदी लागणार नाही आणि शंभरावर होड्यांचं पोट सुरळीत चालेल. बैठक १४ फेब्रुवारीला आहे.

तुमचीच रीत वापरली बरं का. नकाशावर किनाऱ्यालगतपासून दूर आतपर्यंत ओळीने चोवीस रेघा आखल्या, त्या रेघेवरून होडी न्यायची आणि दिसेल ते लिहायचं. आमचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, मोठा हुशार. वारा असला की दिवस वाया जाऊ देत नाही, होडी सरळ खाडीच्या तोंडाशी नेतो. तिथे डॉल्फिन हमखास दिसतात.

आईचा गुडघा कसा आहे ते कळवा. आहे तसाच लोभ राहू द्या.

तुमची,
मंजू


डोणगाव,
१४ जानेवारी २०२५

चि. मंजुश्री हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचले. तुझ्या आईने ते शेजारच्या मंजुळाबाईंना दोनदा वाचून दाखवले. पोरगी सरकारले सल्ला देते, असे ऐकल्यावर मंजुळाबाई म्हणाल्या, मंग आपल्या गल्लीच्या नालीचंबी सांगाव म्हना. तेवढे तुमच्या बैठकीत घ्यावे. गुडघा बरा आहे. तूर घरात आली.

आता एक विचारतो, राग मानू नको. मी सारी नोकरी कृषी सहायक म्हणून केली आणि दर खरिपात पीक कापणीचे प्रयोग केले, एका तुकड्यावरून साऱ्या गावाचे पीक ठरवायचे. कोणाचे शेत घ्यायचे, बांधापासून किती पावलांवर दोरी धरायची, हे आकड्यांच्या तक्त्यातून निघते. आपल्या किंवा गावाच्या मर्जीने निघत नाही. तुझ्या चोवीस रेघांपैकी प्रत्यक्ष किती झाल्या? वाऱ्याच्या दिवशी खाडीत दिसलेले डॉल्फिन कोणत्या रेघेच्या नावावर लिहिलेस?

उत्तर लवकर पाठव. टपालाला पाच दिवस लागतात आणि चौदा तारीख जवळ आहे.

तुझा,
बाबा


मालवण,
२१ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुम्ही मोजणीवर बोट ठेवलंत. खरं सांगते, मला राग आला. पत्र दोन दिवस टेबलावर पालथं घालून ठेवलं होतं.

पंधरा रेघा झाल्या. नऊ राहिल्या, सगळ्या आतल्या, उघड्या समुद्रातल्या. वाऱ्यामुळे होडी जाईना. तेवढेच तास खाडीच्या तोंडाशी भरून काढले आणि त्या नऊ रेघांच्या जागी लिहिले. तास पुरे, तक्ता पुरा. असं सगळेच थोडंफार करतात. अहवाल गटाकडे गेला आहे, कुणी शंका काढलेली नाही. मार्चमध्ये माझ्या कायम जागेचा निर्णय आहे आणि तो याच अहवालावर आहे. सहा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढली, हे तुम्हाला माहीत आहे. इतक्या लांबून दोन ओळींत संशय घेणं सोपं असतं, बाबा.

परवा एक मादी वाहून किनाऱ्याला आली. शेपटीजवळ जाळ्याचे वळ होते. डॉक्टरांनी तपासलं तर अंगात दूध होतं. पिल्लू कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. या वर्षातली ही दुसरी, आणि अजून जानेवारी संपायचा आहे.

याहून जास्त आज लिहवत नाही. आईला नमस्कार.

मंजू


डोणगाव,
२९ जानेवारी २०२५

चि. मंजू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू सहावीत असताना आपण सोनाळ्याकडून इकडे अर्ध्या वर्षात आलो. शाळा मध्येच सोडावी लागली म्हणून तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. बदली सरकारने केली, असे मी सांगितले होते. ती मी मागून घेतली होती.

त्या साली पावसाने दगा दिला. ज्वारी करपली, आणि करपल्यावर नेमका कापणीच्या आठवड्यात पाऊस आला. तक्त्यातून झुंबरबाईंचे शेत निघाले होते, नाल्यापलीकडे. काळ्या मातीचा चिखल, दिवस कलायला आलेला. नाला ओलांडायचा मला कंटाळा आला. हो, कंटाळाच, दुसरे नाव देत नाही. अलीकडे सडकेला लागून हिंमतरावांचे शेत होते, विहिरीचे. मी सडकेवरच उभा राहून दोरी तिथे धरवली, कणसे तिथली मोजली आणि कागदावर गट नंबर झुंबरबाईंचा लिहिला. पंचांनी सह्या केल्या. कोणी काही विचारले नाही.

गावात दोनच प्रयोग होते. त्या एकाने गावाच्या पिकाची सरासरी चढली आणि आजूबाजूची गावे दुष्काळात बसली तरी आमचे बसले नाही. तिकडच्या पोरांची परीक्षा फी माफ झाली, इकडच्यांची झाली नाही. झुंबरबाईंची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिने फॉर्म भरला नाही, पुढे कधीच भरला नाही. हे मला दोन महिन्यांनी कळले. तेव्हाही तहसीलात जाऊन बोलता आले असते. मी बदलीचा अर्ज दिला.

तुझा आकडा चुकला असेल की नसेल, मला ठाऊक नाही. पण तो तू मोजलेला नाहीस. मला त्या दिवशी विचारणारे कोणी नव्हते. तुझ्यासमोर सहा जण त्याच कामासाठी बसवले आहेत. त्यांना खरा कागद दिलाच नाही तर ते काय तपासतील? तुझी जागा जाईल ही भीती मलाही आहे. मला झोप लागत नाही. तरी लिहितो आहे.

हे वाचून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे.

बाबा


डोणगाव,
३० जानेवारी

मंजूले आईचा आशीर्वाद.

हे पत्र त्यायले न सांगता टाकून राह्यली. काल त्यायनं तुले सारं लिवलं म्हनून सांगतलं. इतक्या वर्षात मले एका शब्दानं सांगतलं नव्हतं. पन मले तवाच समजलं होतं. त्या दिवशी सकाळी सांगून गेले का नाल्यापल्याड जातो, अन् सांजच्याले आले तं चपला कोऱ्या. साऱ्या गावाचे पाय चिखलानं भरेल, अन् याह्यच्याच चपला कोऱ्या. मी काहून विचारलं नाही, याचं मले आजबी वाईट वाटते. मी विचारलं असतं तं ते दुसऱ्या दिवशी परत गेले असते, मानूस तसा वाईट नाही.

म्हनून तुले विचारतो बाई. तू गेलती का नाही पल्याड? नसन गेली तं सांगून दे. दोन घास कमी खाऊ.

आई


मालवण,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा व आई यांना,
सप्रेम जय भीम. वि. वि.

बैठक झाली. मसुदा तयारच होता, 'बंदीची गरज दिसत नाही' असा. योगिनीताईंनी विचारलं की सह्या करण्याआधी कुणाला काही सांगायचं आहे का. मी उभी राहिले आणि सांगितलं की नऊ रेघांवर मी गेलेच नाही. चौऱ्याऐंशी हा आकडा धरू नका.

आकडेमोडवाल्या सरांनी विचारलं की हे कधीपासून माहीत होतं. डिसेंबरपासून, असं मी सांगितलं. मच्छीमारांचे प्रतिनिधी भडकले. उद्या नवा आकडा कमी आला तर त्यांच्या लोकांना तोंड कसं दाखवायचं, आणि मुळात तुमच्या कुठल्याही आकड्यावर विश्वास का ठेवायचा, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. योगिनीताईंनी मसुदा मागे घेतला आणि महिन्याभरात सगळ्या चोवीस रेघा पुन्हा करायच्या ठरवल्या. होडीत दोन मोजणारे, एकमेकांना न सांगता लिहिणारे, आणि तिसरे स्वतः मच्छीमारांचे प्रतिनिधी. मलाही त्यात ठेवलं आहे, पण अहवालावर माझं नाव राहणार नाही. मार्चच्या जागेसाठी माझा विचार होणार नाही, हे ताईंनी बाहेर आल्यावर हळू आवाजात सांगितलं.

बाबा, तुमच्याबद्दल काय वाटलं ते लिहायला मला जमत नाही. झुंबरबाईंच्या मुलीचा विचार मात्र मनातून जात नाही. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी असेल.

आई, मी पल्याड गेले नव्हते. आता जाते आहे. आतल्या लाटांनी रोज उलट्या होतात, पण जाते आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.

मंजू


डोणगाव,
७ एप्रिल २०२५

चि. मंजू हिस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझे चार ओळींचे कार्ड मिळाले. चोवीसच्या चोवीस रेघा झाल्या, डॉल्फिन एकेचाळीस, खाडीचे तोंड तीन महिने बंद करण्याचा सल्ला गटाने एकमताने दिला, मच्छीमारांच्या प्रतिनिधींनीही सही केली आणि सरकारने तो मानला. जागा दुसऱ्याला मिळाली, हे तू सर्वांत शेवटी लिहिलेस. तुझी आई त्या ओळीवर थोडी रडली. मग कार्ड बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवले.

काल मी मेहकरहून एसटी पकडून सोनाळ्याकडे गेलो. झुंबरबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत, ओळखायला वेळ लागला. मी सारे सांगितले. त्या म्हणाल्या, एवढे वर्षं काऊन लागले साहेब तुमाले. मुलगी परतवाड्याला दिली आहे, तिचा पोरगा यंदा दहावीला बसला. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत, मीही मागितले नाही. त्या म्हणाल्या, तवा आले नाही, आता आले तं वावर पाहून जा.

नाला ओलांडून गेलो, आता तिथे बोअर आहे. भुईमुगाला पाणी सोडलेले होते. त्या बांधावर उभ्या राहिल्या आणि मी आत गेलो. तक्त्यातले आकडे मी विसरलो नव्हतो. उत्तरेच्या बांधापासून अठ्ठावीस पावले, पूर्वेच्या बांधापासून एकोणीस. तेवढी मोजून त्या जागेवर उभा राहिलो आणि परत आलो.

घरी पोचलो तर तुझी आई दारातच होती. तिने माझ्या पायांकडे पाहिले, काही विचारले नाही. चपलांचा चिखल तिने अजून धुतलेला नाही. उंबऱ्याशी तशाच ठेवल्या आहेत आणि मलाही हात लावू देत नाही.

उन्हाळ्यात चार दिवस ये. लोभ आमचा आहेच, तुझाही कळत राहो.

तुझा,
बाबा