गाऱ्हाण्यात राहून गेलेली टेकडी

भांडुप,
६ जुलै १९८६

चि. गुणाजीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पीठ झटकून वाचलं. दिल्लीला गेल्यापासून विसरला असशील म्हणून सांगते, आपल्या जांभूळटेकडीवरच्या घरांना नंबर नाहीत, त्यामुळे पोस्टमन अजूनही वर चढत नाही. पायथ्याच्या इसिडोरच्या चक्कीवर सगळ्या टेकडीचं टपाल ठेवून जातो. दळण टाकायला गेलं की पत्र मिळतं. घरात पीठ शिल्लक असेल तोवर बातमी नाही. शिवाय इसिडोर कार्डं वाचतो. दिल्लीच्या पाण्याने तुझं पोट बिघडलं हे मला तुझ्या आधी अर्ध्या टेकडीने सांगितलं, आणि कुणी ओव्याचा, कुणी कोकमाचा उपाय घेऊन आलं.

हसण्यावारी नेते आहे, पण आपल्या मीराचं काय झालं ते आठव. गेल्या वर्षी तिला सरकारी कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. सरकारी शिक्का बघून इसिडोरने ते मुद्दाम कपाटात जपून ठेवलं, हातातच द्यायचं म्हणून. मग बांद्र्याच्या माउंटच्या चर्चची जत्रा आली आणि तो साफ विसरला. पत्र मिळालं तेव्हा मुलाखत होऊन गेली होती. बिचारा रडत घरी आला, त्याला मीच चहा पाजला. आता पोरीने पुन्हा लेखी परीक्षा दिली आहे. पास झाली तर डिसेंबरच्या आसपास बोलावणं येईल. जानेवारीत तिला पंचवीस पूर्ण होतात, त्यानंतर अर्जच करता येत नाही. संपानंतर ह्यांची गिरणी उघडलीच नाही, हे काय तुला सांगायला हवं?

तू खासदार होऊन दीड वर्ष झालं. पेपरात तुझं नाव शोधून माझा चष्म्याचा नंबर वाढला. एकदा तरी तोंड उघड. टेकडीला पोस्टमन हवा एवढंच म्हणायचं आहे, अणुबॉम्ब नको आम्हाला.

बाकी क्षेम. तुझा लोभ आहेच, जरा आवाजही असू दे.

तुझी अक्का

*

नवी दिल्ली,
१९ जुलै १९८६

ती. अक्कास गुणाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी जेवणाआधी वाचलं, त्यामुळे जेवण गेलं नाही. अगं, इथे लोक उठतात ते सीमेवर, धरणांवर, परराष्ट्र धोरणावर बोलतात. हातात जाडजूड पुस्तकं असतात. त्यांच्यामध्ये मी उभा राहून सांगू की आमच्या टेकडीच्या पत्रांना पीठ लागतं? दोनदा उठायचं ठरवलं. दोन्ही वेळा शेजारच्याला वाटलं मी बाहेर जातो आहे, त्याने वाट करून दिली आणि मी खरोखरच बाहेर गेलो.

मीरासाठी मला एक सोपी वाट सुचते. तिने कचेरीला माझा इथला पत्ता कळवावा. बोलावणं आलं की मी फोन करून निरोप देईन. ओव्याचा उपाय लागू पडला असं त्या माउलीला सांग.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि माझ्यावर राग धरलास तरी फार दिवस धरू नकोस.

तुझा गुणाजी

*

भांडुप,
२९ जुलै १९८६

चि. गुणाजीस आशीर्वाद.

तुझी सोपी वाट मीराला वाचून दाखवली. ती म्हणाली, टेकडीवर परीक्षा देणारी आणखी पोरं आहेत, सगळ्यांनीच मामाचा पत्ता घालायचा का? तसं असेल तर मामाने तिथेच एक चक्की टाकावी. पोरगी माझ्यावर गेली आहे, मला फार बरं वाटलं.

तू आबांचा मुलगा ना रे? शिमग्याला देवळापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायला आपले आबाच उभे राहायचे. वरच्या वाडीपासून सुरुवात करायचे आणि एकेका घराचं नाव घ्यायचे. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत, कुणाचा झील मुंबयक जावन कागद धाडीत नाही. एवढ्या मोठ्या देवापुढे हे बारीकसारीक कसं सांगू असा विचार त्या माणसाच्या मनात कधी आला नाही. आणि घराघराचं नाव घेतलं की गाव मागून म्हणायचा, व्हय महाराजा. तू तेव्हा पहिल्या रांगेत नारळाच्या तुकड्यासाठी बसलेला असायचास. तुझे ते मंत्री काय आपल्या देवापेक्षा मोठे झाले?

पुस्तक नको नि काही नको. आबांसारखा उभा राहा.

माया पातळ होऊ देऊ नकोस, इकडची घट्टच आहे.

तुझी अक्का

*

नवी दिल्ली,
२२ ऑगस्ट १९८६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

अक्का, मी बोललो. मराठीतून बोलतो असं आधी कळवून ठेवलं होतं. उभा राहिलो तर लिहून आणलेला कागद नेमका चष्म्याच्या घरात राहिला होता. मग तुझं पत्र आठवलं. डोळे मिटले आणि सरळ आबांसारखी सुरुवात केली. घाटकोपरच्या टेकडीवर अमकी अडचण आहे महाराजा, विक्रोळीच्या डोंगरावर तमकी आहे महाराजा, मुलुंडच्या वसाहतीत म्हातारीची मनिऑर्डर पानवाल्याकडे येते आहे महाराजा. आधी लोक हसले. नंतर हसायचे थांबले. समोरच्या पक्षाचे मधुकरराव म्हणून एक परभणीकडचे सभासद आहेत, एरवी माझी टर उडवण्यात त्यांचा पहिला नंबर. ते कानाला भाषांतराचं यंत्र न लावता ऐकत होते.

आज मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं. मी नावं घेतलेल्या सगळ्या वस्त्यांत घरांना नंबर देऊन पोस्टमन सुरू करणार आहेत. मीराला सांग, आता बोलावणं तिच्या हातात पडणार. पेढे माझ्या नावाने वाट, पैसे मी आल्यावर बुडवीन.

असाच कान पिळत राहा.

तुझा गुणाजी

*

भांडुप,
१४ सप्टेंबर १९८६

चि. गुणाजीस आशीर्वाद.

पेढे वाटले. इसिडोरने दोन खाल्ले. मग त्याच्याच चक्कीवर बसून पेपरातलं तुझं भाषण मोठ्याने वाचून झालं. घाटकोपर आहे, विक्रोळी आहे, मुलुंड आहे. मंत्र्यांच्या उत्तरातही तीच आहेत. आपली टेकडी कुठे आहे रे? मला वाटलं पेपरवाल्यांनी गाळली. मीराने पोस्टात जाऊन विचारलं, तर तिथल्या बाईंनी यादी दाखवली. त्यातही नाही. तू टेकडीचं नावच घेतलं नाहीस.

विक्रोळीच्या बायका काल वाट चढून आल्या आणि माझी ओटी भरून गेल्या, भावाने काम केलं म्हणून. मी नारळ घेतला आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. इसिडोर तेवढा खूश आहे, त्याची कचेरी शाबूत राहिली. मीरा आधी पोट धरून हसली, मग उठून आत गेली. आता रोज संध्याकाळी दळण नसतानाही चक्कीवर जाऊन येते. ते मला बघवत नाही.

जगाचं सांगितलंस आणि सख्ख्या बहिणीचं घर विसरलास. मला फार लागलं, हे तुला कळावं म्हणून लिहिते. प्रकृतीला जप.

अक्का

*

नवी दिल्ली,
२५ सप्टेंबर १९८६

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र वाचून भाषणाची प्रत काढून पाहिली. खरंच नाव घेतलेलं नाही. अक्का, शपथेवर सांगतो, विसरलो नव्हतो. आबांसारखं बोलायला गेलो आणि सगळंच आबांसारखं बोललो. तुला आठवतंय का, आबा गाऱ्हाण्यात सगळ्या गावाची घरं घ्यायचे पण आपलं घर कधीच घ्यायचे नाहीत. दुसऱ्यासाठी उभं राहायचं तर स्वतःचं मागायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. मुलुंडपर्यंत आलो, पुढचं नाव आपल्या टेकडीचं होतं, आणि जीभ आपोआप थांबली. मी खाली बसलो आणि मला वाटलं सगळं म्हणून झालं.

आता पुन्हा उठून फक्त बहिणीच्या टेकडीसाठी मागू, तर ते तोंडातून निघणार नाही. मीराला तोंड कसं दाखवू ते कळत नाही.

तुझा गुणाजी

*

भांडुप,
५ ऑक्टोबर १९८६

चि. गुणाजीस आशीर्वाद.

हे तू लिहिलंस आणि माझा राग तिथल्या तिथे गेला. मेल्या, नक्कल करायची तर थोडी कमी करायची.

पण आबांच्या शिरस्त्यातलं तुला अर्धंच आठवतंय, कारण तुझं लक्ष नारळावर. आबा खाली बसले की गर्दीतला कुणीतरी आबांचं नाव घेऊन ओरडायचा, आणि ह्या धाकूच्या घराकडेही बघ महाराजा. बहुतेक वेळा ज्याच्याशी बांधावरून भांडण चालू असायचं तोच ओरडायचा. तुझ्या त्या सभागृहात शेकडो माणसं बसतात, त्यात एक असा निघू नये? तिथे भांडणं तर भरपूर आहेत असं ऐकते.

मीरा लेखी परीक्षेत पास झाली. आता बोलावण्याची वाट. घाई कर असं मी म्हणत नाही, पण कर.

तुझी अक्का

*

नवी दिल्ली,
१८ नोव्हेंबर १९८६

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी चहाच्या वेळी मधुकररावांना वाचून दाखवलं. मागणं म्हणून नाही, गंमत म्हणून. ते हसले नाहीत. टेकडीचं नाव काय, एवढंच विचारलं आणि चहा टाकून गेले. मला वाटलं आता हे पेपरवाल्यांना सांगून माझी वाट लावणार.

आज टपालाचा विषय निघाला तसे ते उभे राहिले. म्हणाले, आमच्या ह्या मित्रांशी माझं एकाही बाबतीत पटत नाही आणि पुढेही पटणार नाही, पण ह्यांनी सगळ्यांच्या वस्त्यांचं मागून स्वतःच्या बहिणीची टेकडी तेवढी सोडली आहे, तर जांभूळटेकडीचं मी मागतो. मंत्री माझ्याकडे बघून हसले आणि हो म्हणाले. अक्का, मला मान वर करता येईना. शेजारच्याला पुन्हा वाटलं मला बाहेर जायचं आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माणूस येईल. मीराला म्हणावं, मामाला माफ कर.

तुझा गुणाजी

*

भांडुप,
१२ मार्च १९८७

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मधल्या काळात नुसती कार्डं पाठवली, त्याबद्दल रागावू नकोस. पोस्टमन डिसेंबरात सुरू झाला ते कळवलंच होतं. मीराचं बोलावणं त्याच्याच हातून, मुलाखतीच्या चांगलं आठवडाभर आधी आलं, आणि मुलाखत झकास झाली, हेही कळवलं. मधुकररावांना पाठवलेले कोकम नि आंबोशी पोचली का? त्यांच्या पक्षाला मत मी देणार नाही, पण दर वर्षी डबा पाठवीन.

परवा नेमणुकीचं पत्र आलं. कारकुनाची जागा, पक्की नोकरी. पोस्टमनने दारात उभं राहून मीराची सही घेतली आणि टेकडीवरची सगळी माणसं सही बघायला जमली. ह्यांनी पत्र तीनदा वाचलं, मग सदरा घालून देवळात गेले. पत्रात शेवटी एक ओळ होती, ती मी मागाहून वाचली. नेमणूक नागपूरला आहे.

मीराने विचारलं, आई जाऊ ना? म्हटलं विचारतेस काय, ट्रंक काढ. तिच्यासमोर मी हसतेच आहे. तिला मोतीचुराचे लाडू बांधून दिले, स्वेटर घे म्हणून दटावलं, नागपुरात स्वेटर काय करायचा म्हणून ती माझ्यावर हसली. पण तुला खरं सांगते, गुणाजी, जे मागितलं ते मिळालं आणि कालपासून मी तिची ट्रंक भरते नि पुन्हा उपसते आहे. पंचवीस वर्षांत ती एक रात्रही माझ्यापासून लांब झोपलेली नाही. तू तिला लिही, तुझं ऐकते. सांग की तुझ्यासारखं चार ओळींचं पत्र चालायचं नाही. काय जेवली, कुणाशी बोलली, सगळं लिहायला सांग.

पोस्टमन सकाळी अकराच्या सुमारास चढतो. मीरा अजून गेलेली नाही, सोमवारी निघायची आहे. पण मी आजच अकराला तांदूळ निवडायचं सूप घेऊन दारात जाऊन बसले.

लोभ आहे तसा राहू दे, आणि तूही पत्र मोठं लिहीत जा.

तुझी अक्का