खळ्याच्या कडेला चपला

शनिवार, दिवेलागण

काल रात्री आमच्या खळ्यावरून भाताचं पोतं चोरीला गेलं. वाशिंदच्या बांधकामावरची बाहेरची पोरं असणार, असं सकाळीच सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. मी मात्र खळ्याच्या कडेला थांबले. धुळीत चपलांचा जोड उमटला होता, अगदी नीट, शेजारी शेजारी. तिथून आत अनवाणी पावलं.

चोरी करायला आला आणि चपला काढून आत गेला? बाहेरचा कशाला काढेल? खळ्यात चपला घालून जायचं नाय, हे आमच्याकडे पोराला चालायला लागल्यापासून शिकवतात.

"चोर आपल्यातलाच हाय," मी सगळ्यांसमोर म्हटलं. नवरा हसला, "खुनाच्या गोष्टी वाचून हिचं डोकं फिरलंय." चुलत दीर मात्र स्वतःच्या पायांकडे बघत होता. इतकी वर्षं गुन्हेगाराचं मन वाचतेय, ती नजर ओळखणार नाही? नाव घेतलं नाही. कडेची धूळ तेवढी झाडून ठेवली.

दुपारी आम्ही घरातले जेवायला बसलो, तेवढ्या वेळात पोतं जागेवर आलं. "तुला कसं कळलं गो?" नवरा विचारत होता. मी म्हटलं, "पुस्तक देते, वाच."

मघाशी जाऊन बघून आले. झाडलेल्या धुळीत पुन्हा चपलांचा जोड, तिथेच, तसाच नीट.